आम्ही न दिलेली लाइन

लाइन आल्याबद्दल आभार मानणारा पहिला फोन सकाळी अकरा चाळीसला आला. तेव्हा माझा लाइनमन खांबावर होता आणि लाइन आम्ही दिलेलीच नव्हती.

फोन टेंभुर्टोल्याच्या सरपंचबाईंचा होता.

"मॅडम, लाइन आली. लई बरं झालं. तीन दिवस लोकं मलेच शिव्या देऊन राह्यले होते."

"कुठं आली?"

"इथीच, आमच्या खालच्या गल्लीत. पंखे सुरू झाले."

मी वर पाहिलं. खांबावर खुशालभाऊ कमरेचा पट्टा बांधून उभे होते. वादळात तुटलेल्या तारेची दोन टोकं त्यांना जोडायची होती. एक टोक त्यांनी आधीच धरून बांधलं होतं. दुसरं टोक, म्हणजे खालच्या गल्लीतून आलेलं, खांबाला लोंबकळत होतं आणि खुशालभाऊंचा हात त्याच्याकडे निघाला होता.

"खुशालभाऊ, हात मागं घ्या," मी म्हणाले. "त्या तारेला लावू नका."

"काऊन?"

"सरपंचबाई म्हणतात खाली लाइन आली."

"कोनं देली?"

"तेच बघायचंय."

त्यांनी खिशातला टेस्टर काढला आणि लोंबकळत्या टोकाला नुसता टेकवला. टेस्टर पेटला. खुशालभाऊ खाली उतरले, खांबाच्या बुडाशी बसले, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी उघडली आणि तोंडात टाकायचं विसरून तशीच हातात धरून ठेवली.

मी वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता आहे. गोंडपिपरीकडचं एक सेक्शन माझ्याकडे आहे. सेक्शन म्हणजे पंचवीसेक गावं, थोडी शेती आणि बाकी सगळं जंगल. त्या सकाळच्या तीन दिवस आधी दुपारी तिथं वादळ झालं होतं. टीव्हीवाले त्याला टोरनॅडो म्हणाले, गावकरी वावधन म्हणाले. आमच्या रजिस्टरमध्ये 'वादळवारा' असा एकच शब्द आहे, तो मी लिहिला. पण साधं वादळ नव्हतं ते. आभाळातून एक भोवरा उतरला आणि शेतातून रेघ ओढल्यासारखा गावात घुसला. त्या रेघेत जे होतं ते गेलं. शाळेचे टिन मोहाच्या झाडावर जाऊन बसले. रेघेच्या बाहेर मात्र काहीच नाही. एका घराचं छप्पर उडालं आणि शेजारच्या अंगणात वाळत घातलेले पापड जागचे हलले नाहीत. त्या पापडांवरून दोन घरांत अजूनही बोलणं बंद आहे.

माणसं वाचली, कारण भोवरा गावात घुसला तेव्हा निम्मं गाव तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं खरेदी होतात त्या जागी होतं. खांब मात्र आमचे बरेच पडले. पहिले दोन दिवस अकरा केव्हीच्या मुख्य लाइनमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी गावातलं काम राहिलं होतं. डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, आधी वरची गल्ली लागते, मग खालची. दोन्हींच्या मधोमध तारा तुटल्या होत्या. तेवढ्या जोडल्या की झालं.

डीपीचा स्विच मी स्वतः बंद केला होता. त्याला कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा खिसा चाचपला. किल्ली होती.

आमच्या कामात अर्थिंग म्हणून एक गोष्ट असते. लाइन बंद केली तरी काम सुरू करण्याआधी तारा साखळीनं जमिनीला जोडून ठेवायच्या. चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून. आम्ही ती लावली होती, पण एकाच बाजूला. डीपीच्या. दुसऱ्या बाजूला खालची गल्ली, पुढं शेतं, पुढं जंगल.

"तिकडून कोन लाइन देते? वाघ?" असं खुशालभाऊ सकाळी म्हणाले होते आणि मी हसून मान डोलावली होती. साखळीचा दुसरा सेट गाडीत होता. गाडी वीस पावलांवर होती.

तरी तो मी लावला नाही. हे लिहायला अजूनही जड जातं, म्हणून एकदाच लिहिते.

आता खांबावर चढायचं नाही, तारेजवळ कोणाला फिरकू द्यायचं नाही, असं सांगून मी टीममधल्या दोघांना तिथं उभं केलं. साखळीचा दुसरा सेट काढायला सांगितला. तेवढ्यात वरच्या गल्लीतले सात-आठ जण चालत आले. पुढं कवडूभाऊ होते. त्यांच्या पिठाच्या गिरणीचं छप्पर गेलं होतं, पण गिरणी शाबूत होती आणि तीन दिवस बंद होती.

"मॅडम, डीपी आमच्या घरासमोर," ते म्हणाले. "रातदिवस तिचा घूं घूं आवाज आमी ऐकतो. आन् लाइन पहिले खालच्याले?"

"लाइन कोणालाच दिली नाही, भाऊ."

"मंग थे पंखे काय हातानं फिरवून राह्यले?"

मी खिशातली किल्ली काढून दाखवली. त्यांनी ती बारकाईनं पाहिली आणि म्हणाले, "अशा दोन राहत असन."

किल्ली खिशात ठेवते तोच उपअभियंता साहेबांचा फोन आला. साहेब गोंडपिपरीत बसून पाच सेक्शनचं वादळ सांभाळत होते. आवाज बसला होता.

"टेंभुर्टोला चार्ज केला?"

"नाही सर."

"नाही कसा? माझ्याकडे पोस्ट आलीये. माजी सभापतींचा हात जोडलेला फोटो आहे. 'आमच्या अथक पाठपुराव्यामुळे टेंभुर्टोल्याचा वीजपुरवठा पूर्ववत.' खाली पन्नास लोकांनी अभिनंदन केलंय. मीसुद्धा अंगठा टाकला."

"सर, अंगठा काढा. लाइन आपली नाही."

"आपली नाही म्हणजे? मग कोणाची?"

"तेच शोधायला निघालेय."

साहेबांनी विचारलं, "खांबावर कोण होतं?"

"खुशालभाऊ."

"खाली आले?"

"आले."

"बरं. आधी ते बघ. बाकी मी सांभाळतो."

बॉस म्हणून त्यांच्याशी माझे बरेच वाद झाले आहेत. पण त्या दिवशी त्यांनी आधी काय विचारलं ते मी विसरलेले नाही.

खालच्या गल्लीत मी आणि खुशालभाऊ गेलो. तीन दिवसांनी पंखे सुरू झाले म्हणून लोक खूश होते. पण ते पंखे असे फिरत होते की पाती मोजता यावीत. बल्ब पिवळे पडले होते. मी दारोदार बघत चालले. पहिल्या घरात पंखा चालू. दुसऱ्यात बंद. तिसऱ्यातही बंद. चौथ्यात चालू.

खांबावरून तीन फेजच्या तीन तारा जातात, सोबत एक न्यूट्रल. गावातली घरं त्या तीन तारांवर वाटून दिलेली असतात, म्हणजे एकाच तारेवर सगळा भार पडत नाही. डीपीतून लाइन आली असती तर बहुतेक सगळी घरं उजळली असती. इथं काही घरं चालू होती, म्हणजे वीज एकाच तारेवर होती. आणि एकाच तारेवर, इतकी अशक्त, म्हणजे ती कुठल्यातरी घरातून उलटी खांबावर चढत होती.

एका घरासमोर आजीबाई बसल्या होत्या. त्यांचा पंखा बंद होता.

"बाजूच्याले हाये, मले नाई," त्या म्हणाल्या. "मतदान तं आमी दोघीनंबी एकालेच केलं."

गल्लीच्या टोकाला मांडव होता. वामनभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. निळे झेंडे, पांढरा पडदा, समोर टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, आणि लाउडस्पीकरवर गाणी. त्या गाण्यांच्या मागं बांबूच्या ताटव्याआड जनरेटर धडधडत होता. तो आवाज सकाळपासून माझ्या कानावर होता. पण लग्नात जनरेटर असतोच. त्याच्याकडे कोण लक्ष देतं? आता जवळून ऐकला तर तो चढावर लागलेल्या ट्रकसारखा कण्हत होता. मांडवासाठी आणलेला तो, आणि बिचारा अर्धी गल्ली ओढत होता.

त्याच्याशेजारी खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, खिशाला पेन, पायात नवे बूट. हे वामनभाऊंचे थोरले भाऊ, दौलतकाका. मी कोण ते सांगितलं आणि जनरेटर घराला कसा जोडलाय ते विचारलं.

"बोर्डातून देला," ते म्हणाले. "पोरगी आत तयार होऊन राह्यली, तिले पंखा नको का?"

"मेन स्विच बंद केला होता?"

काकांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"बाई, मी माजरीले खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. एकतीस वर्षं. जमिनीच्या खाली. मेन बंद करूनच जनरेटर जोडा लागते हे मले तुमी सांगता?"

"तरी मला एकदा दाखवा."

ते मानानं उठले आणि मला ओसरीत घेऊन गेले. मेन स्विचचा खटका खरोखर खाली होता. काकांनी खटक्याकडे बोट केलं. मी खांबाकडे जाणाऱ्या वायरला टेस्टर लावला. पेटला.

काकांनी माझ्या हातातून टेस्टर घेतला आणि स्वतः लावून पाहिला. मग त्यांनी आपल्या खिशातला टेस्टर काढला. लग्नाच्या सदऱ्यातही तो होता. तोही पेटला.

त्यांनी टॉर्चनं स्विचच्या मागं पाहिलं. तिथं एक जाड वायर होती. ती स्विचला वळसा घालून थेट निघून गेली होती. खटका वर करा नाही तर खाली करा, विजेला काही फरक पडत नव्हता.

"वामन," काकांनी हाक मारली.

वामनभाऊ फेटा सावरत आले.

"हे काय हाये?"

वामनभाऊंनी वायरकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "थो फ्यूज सारखा उडे ना. मागच्या पावसाळ्यात. मंग मी डायरेक केला."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं नाई, दादा. आन् तुमी मेन बंद केला, मले वाटलं तुमाले समाधान होते तं होऊ द्या."

दौलतकाकांची नजर माझ्या मागं गेली. दारात खुशालभाऊ उभे होते, कमरेचा पट्टा तसाच, हातात रबरी मोजे.

"हेच होते का वर?" काकांनी मला विचारलं.

"हो."

"हात लागला?"

"वीतभर राह्यला होता," खुशालभाऊ म्हणाले.

काका ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले. एकतीस वर्षं जमिनीखाली ज्या चुकीपासून त्यांनी माणसं वाचवली होती, ती चूक त्यांच्याच घरात निघाली होती. पण जनरेटर अजून चालूच होता, म्हणून मी वामनभाऊंकडे वळले.

"हा आत्ता बंद करा. तारा जोडायला अर्धा तास लागेल. मग खरी लाइन देते."

वामनभाऊंचा चेहरा पडला. "मॅडम, आत्ता वरात आली बल्लारपूरहून. समदे कूलरसमोर बसले हाये. लग्न लागलं की करू ना बंद."

मीही बल्लारपूरचीच, आणि आमच्याकडची लग्नं मला माहीत आहेत. म्हटलं, "भाऊ, आपल्यात मुहूर्त कुठं असतो? अर्धा तास मागंपुढं झालं तर काय बिघडतं?"

"मुहूर्त नाई, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "पण व्याही हाये ना."

व्याही मांडवात सगळ्यात मोठ्या कूलरसमोर बसले होते. जाडजूड, मिशीवाले, आल्यापासून एकदाही हसले नव्हते म्हणे. वामनभाऊ त्यांच्याकडे असं बघत होते, जसं गाव वाघाच्या ठशाकडे बघतं.

आम्ही हे बोलत असतानाच गाणं मध्येच तुटलं. कूलर थांबले. मांडवात एकदम शांतता पसरली. ताटव्याआडून दौलतकाका आले. त्यांच्या एका हातात जनरेटरची किल्ली होती आणि दुसऱ्या हातात बोर्डात घातलेली वायर. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत वीज येते, म्हणून अशी वायर कंपनीच्या दृष्टीनं साप असते. काकांनी ती माझ्या हातात ठेवली आणि सरळ व्याह्यांपुढं जाऊन उभे राहिले.

"आमच्या घरून चूक झाली," ते म्हणाले. "आमची लाइन खांबावर गेली. वर माणूस होता, वाचला. आता थो पुन्हा चढन आन् काम करन. तोवर हे बंद राहीन. तुमाले गरम होईन. राग आला तं माह्यावर काढा."

सगळा मांडव व्याह्यांकडे बघू लागला. व्याह्यांनी रुमालानं मान पुसली.

"खांबावर माणूस हाये?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग आमाले काऊन इचारून राह्यले?" ते म्हणाले. "पेपर मिलच्या बॉयलरवर काम केलं मी. हे काय गरम हाये?"

बायकांनी आतून सुपं आणली. व्याह्यांना दोन मावश्या सुपानं वारा घालू लागल्या. बाकीच्यांनी लग्नाच्या पत्रिका हलवल्या. पत्रिका जाड कागदाची होती, चांगला वारा देत होती.

खुशालभाऊ परत निघाले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बसा, दुसरा कोणी चढेल.

"नाई मॅडम," ते म्हणाले. "आज नाई चढलो तं उद्या पाय लटपटन."

या वेळी अर्थिंग दोन्ही बाजूंना लावलं. मी स्वतः लावलं, आणि लावल्यावर पुन्हा तपासलं. वामनभाऊंच्या घराकडे जाणारी सर्व्हिस वायर आधी खांबावरून सोडवली. दौलतकाका किल्ली मुठीत धरून जनरेटरवरच बसले होते. कोणी जवळ आलं की नुसते बघायचे.

उन्हातून अर्धं लग्न काम बघायला खांबाखाली जमलं. वरची गल्लीही आली. कवडूभाऊ सगळ्यांना समजावून सांगत होते की लाइन खालच्यांना नव्हतीच, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. खुशालभाऊंनी शेवटचा जोड घट्ट केला आणि खाली उतरले, तेव्हा मांडवातल्यांनी टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना नवीन होतं. ते इतके गोंधळले की पट्टा सोडायच्या आधीच चालायला लागले आणि खांबानं त्यांना मागं ओढलं.

मी साखळ्या काढल्या, माणसं मोजली, सबस्टेशनच्या ऑपरेटरला कळवलं आणि डीपीचं कुलूप उघडलं. स्विच टाकला. वरच्या गल्लीत गिरणी सुरू झाली. खालच्या गल्लीत आजीबाईंचा पंखा फिरला. सगळ्या गावात वीज आली, फक्त एक घर सोडून.

मेन स्विच तसा असताना वामनभाऊंना लाइन देणं मला शक्य नव्हतं. मघापर्यंत अर्ध्या गल्लीला वीज पुरवणारं ते घरच विजेविना राहिलं. जनरेटर आता फक्त मांडवाला जोडला होता, आणि ते जोडताना दौलतकाकांनी मला तीनदा बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोंडपिपरीहून नवा मेन स्विच आणून बसवला. मी तपासायला गेले तर त्यावर रंगानं लिहिलं होतं, 'वामनने हात लावू नये.'

लग्न लागलं. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खुशालभाऊंना व्याह्यांच्या शेजारी बसवलं होतं आणि दौलतकाका स्वतः वाढत होते. त्यांनी खुशालभाऊंच्या ताटात चौथ्यांदा बुंदी घातली. खुशालभाऊंना गोड आवडत नाही. त्यांनी सगळी खाल्ली.

गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, थे वीतभराचं माह्या बायकोले नका सांगू."

"नाही सांगत."

"आन् वाघ लाइन देते का असं मी बोललो, थेबी नका सांगू कोनाले."

दुसरा शब्द मी आज मोडला आहे. त्यांना विचारून.

संध्याकाळी रिपोर्ट भरायला बसले. त्यात एक रकाना असतो, पुरवठा कधी पूर्ववत झाला. साहेबांचा फोन आला.

"अकरा चाळीस लिहून टाक," ते म्हणाले. "सभापतींची पोस्टही तीच वेळ सांगते. सगळे खूश राहतील."

"सर, अकरा चाळीसला खुशालभाऊ खांबावर होते. तसं लिहिलं तर चालू लाइनवर मी माणूस चढवला असं होईल."

"मग खरी वेळ काय?"

"एक वीस."

"एक वीस लिही," साहेब म्हणाले. "आणि दुसरी साखळी का लावली नव्हती, तेही लिही. तुझ्या सहीनं."

लिहिलं. त्याबद्दल मला मेमो मिळाला. योग्यच होता. माजी सभापतींची पोस्ट मात्र अजून तशीच आहे आणि साहेबांचा अंगठाही तिथंच आहे, कारण तो काढायचा कसा हे त्यांना जमलं नाही.

त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये काम सुरू करण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर मी हातानं एक ओळ वाढवली. नवीन आलेले साहेब मागच्या महिन्यात तो कागद चाळताना तिथं अडखळले. डीपी बंद, कुलूप, टेस्टर, अर्थिंग दोन्ही बाजूंनी, हे सगळं त्यांना कळलं. खालच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे काय?"

मी म्हटलं, "सर, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे."

तिथं लिहिलंय: गावात आज लग्न आहे का?